किताब बाईचा, खुर्ची मात्र नाही

मार्च १९२२च्या सुरुवातीला लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीनं एका अर्जावर अनुकूल मत दिलं. अर्ज होता मार्गारेट हेग थॉमस या बाईंचा. किताबानं त्या व्हायकाउंटेस ऱ्होंदा. वडिलांची सरदारकी राजाच्या सनदेनं आपल्याकडे आली आहे, तेव्हा त्या सरदारकीच्या धन्याला उमरावांच्या सभेचं जे बोलावणं जातं ते आपल्यालाही यावं, एवढीच त्यांची मागणी होती. समितीला ती रास्त वाटली. शतकानुशतकं फक्त पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात आता एक बाई बसणार, अशी चिन्हं दिसू लागली.

ती बसली नाही. मे संपायच्या आत निकाल फिरला. फिरवणारे गृहस्थ आपल्या ओळखीचे आहेत: लॉर्ड बर्कनहेड. पुढे भारतमंत्री झाल्यावर सायमन कमिशनवर एकही हिंदी सभासद न नेमणारे ते हेच. या कहाणीत अशी ओळखीची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. कर्झन, रीडिंग, माउंटबॅटन ही नावं आपण शाळेच्या पुस्तकात व्हाइसरॉय म्हणून पाठ केलेली. इथं मात्र त्यांच्या बायका आणि मुली पुढे येतात, आणि व्हाइसरॉय मागे उभे राहतात.

बाईंचा दावा नेमका काय होता ते कळायला इंग्रजी सरदारकीची रचना थोडी पाहावी लागते. तिच्या पायऱ्या पाच. वरून खाली यायचं तर ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. प्रत्येकाचं स्त्रीरूप ठरलेलं: डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरनेस. यात अर्ल आणि काउंटेस ही जोडी विजोड दिसते, त्याला कारण इतिहासाचं. अर्ल हा नॉर्मन यायच्या आधीपासूनचा इंग्रजी शब्द. १०६६मध्ये आलेले नॉर्मन त्याच दर्जाच्या माणसाला काउंट म्हणत. इंग्लंडनं पुरुषासाठी आपला जुना शब्द राखला; पण त्याला स्त्रीरूपच नव्हतं, म्हणून अर्लच्या बायकोसाठी नॉर्मनांचा शब्द घेतला.

बायकोसाठी, हे इथं महत्त्वाचं. ही सगळी स्त्रीरूपं बहुतेक वेळा 'अमक्याची पत्नी' एवढंच सांगत. पाटलाची बायको पाटलीण होते, पण पाटीलकीचा शिक्का पाटलाच्याच हातात राहतो, तसा हा प्रकार. मुंबईकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १८४२मध्ये जमशेटजी जीजीभॉय 'सर' झाले आणि त्यांच्या पत्नी अवाबाई 'लेडी' झाल्या. त्याच दशकात माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे बांधायला सरकारकडे पैसा नव्हता, तेव्हा अवाबाईंनी स्वतःच्या पैशातून दीड लाखाहून अधिक रुपये दिले. पैसा बाईंचा, पण लेडी जमशेटजी रोडच्या पाटीवर आजही जे नाव आहे ते नवऱ्याचं.

मात्र काही बायकांकडे सरदारकी लग्नानं येत नसे, ती त्यांची स्वतःची असे. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच जुन्या सरदाऱ्या आणि इंग्लंडमधल्या काही पुरातन बॅरनी मुलगा नसला तर मुलीकडे जात. नव्या सरदारकीच्या सनदेत साधारणपणे फक्त पुरुष वारस लिहिलेला असे. पण एखाद्या बड्या माणसाला मुलगा नसला आणि राजाची मर्जी असली, तर सनदेत खास कलम घालून मुलीला वारस करता येई. अशी बाई कागदावर हुबेहूब सरदार. तिला मान होता, दर्जा होता, राज्यारोहणाच्या सोहळ्यात जागा होती. तिच्या नवऱ्याला तिच्या किताबातून काहीच मिळत नसे; 'मिस्टर' असला तर तो मिस्टरच राही. आणि तिला स्वतःला उमरावांच्या सभेत बसता येत नसे. किताब तिच्यावरून पुढे मुलाकडे गेला, की त्या मुलाला मात्र तीच खुर्ची बिनतक्रार मिळे. ती जणू मधला मुक्काम होती.

खरी सत्ता बाईच्या हातात असली, की इंग्रज स्त्रीरूपाच्या वाटेला फारसे जात नसत. लँकेस्टरची जहागीर राजगादीकडे असते. त्या गादीवर राणी बसली तरी तिकडे तिचा उल्लेख 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' असाच होतो. एलिझाबेथ दुसरीच्या नावानं तिकडच्या मेजवान्यांत प्याले उंचावले जात ते 'ड्यूक' म्हणूनच. हिंदुस्थानात १८६१मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' हा नवा किताब सुरू झाला. त्या वर्षी अलाहाबादला झालेल्या दरबारात ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांबरोबर तो भोपाळच्या सिकंदर बेगम यांनाही दिला गेला. १८५७च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या या बाईंना 'नाइट' करताना त्या बाई आहेत, ही अडचण कोणाला आली नाही. सत्तेची गरज असली म्हणजे अशा अडचणी सुटतात.

मार्गारेट थॉमस यांची गोष्ट वेल्समधल्या कोळशाच्या खाणींतून सुरू होते. वडील डेव्हिड आल्फ्रेड थॉमस हे खाणमालक आणि लिबरल पक्षाचे खासदार. १८८३मध्ये जन्मलेली मार्गारेट हे त्यांचं एकुलतं एक अपत्य. मुलगा नसल्याची खंत करत बसण्यापेक्षा त्यांनी मुलीलाच आपल्या धंद्यात घेतलं. ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेली, रमली नाही, परत आली. १९०८मध्ये शेजारच्या हम्फ्री मॅकवर्थ यांच्याशी तिचं लग्न झालं. त्याच वर्षी ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरली आणि लवकरच तो लढा देणाऱ्या संघटनेच्या न्यूपोर्ट शाखेची सचिव झाली. पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या मोटारीच्या पायरीवर तिनं उडी मारली. १९१३मध्ये न्यूपोर्टच्या रिस्का रोडवरच्या टपालपेटीत पेट घेणारं रसायन टाकलं. कोर्टानं १० पौंड दंड केला. तो भरायला नकार देऊन ती अस्कच्या तुरुंगात गेली. तिथं तिनं अन्नत्याग केला. तुरुंगात बाई मेली तर सरकारची छी-थू होईल म्हणून असे कैदी सोडण्याची तरतूद तेव्हा नुकतीच झाली होती. पाच दिवसांनी तिला सोडावं लागलं.

१९१४मध्ये नवऱ्याला वारशानं बॅरोनेटचा किताब आला आणि मार्गारेट लेडी मॅकवर्थ झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कहून वडिलांबरोबर परतताना ती ज्या जहाजावर होती त्याचं नाव लुसिटानिया. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं ते बुडवलं. सुमारे १२०० माणसं गेली. वडील एका नावेत चढले. मुलगी जहाजाबरोबर पाण्यात ओढली गेली आणि जीवरक्षक पट्ट्यामुळे वर आली. दिवस मावळताना 'ब्लूबेल' नावाच्या छोट्या जहाजाला ती सापडली तेव्हा वाहत आलेल्या एका वेताच्या खुर्चीत ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यानंतर, यापुढे भीती म्हणून काही वाटत नाही असं तिला जाणवलं. या अनुभवाबद्दल तिनं पुढे आत्मचरित्रात सविस्तर लिहिलं आहे.

वडिलांचा भाग्योदय त्यानंतरचा. १९१६मध्ये ते बॅरन ऱ्होंदा झाले. १९१७च्या जूनमध्ये लॉइड जॉर्ज यांनी त्यांना अन्नमंत्री केलं. महायुद्धाचं ते वाईट वर्ष होतं. पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, दुकानांपुढे रांगा लागत होत्या. ऱ्होंदा यांनी भाव बांधून दिले आणि शिधापत्रिकेची व्यवस्था आणली. त्याचं बक्षीस म्हणून १९१८च्या जूनमध्ये त्यांना व्हायकाउंट केलं गेलं आणि मुलगा नसल्यानं किताब मुलीकडे जाईल असं खास कलम सनदेत घातलं. काही दिवसांतच, ३ जुलैला, ते वारले. मार्गारेट व्हायकाउंटेस ऱ्होंदा झाली, आणि तीसएक कंपन्यांच्या संचालक मंडळांवरचं कामही तिच्याकडे आलं. आता तिचा किताब नवऱ्यावर अवलंबून नव्हता. पुढे घटस्फोट झाला तरी त्याला धक्का लागला नाही.

याच सुमारास कायदा बदलला. १९१९च्या डिसेंबरात पार्लमेंटनं लिंगभेदामुळे येणारी अपात्रता दूर करणारा कायदा केला. स्त्री असल्यामुळे किंवा विवाहित असल्यामुळे कोणालाही सार्वजनिक काम करायला अपात्र ठरवता येणार नाही, हा त्याचा गाभा. या कायद्यानं वकिलीचं दार उघडलं आणि ते ओलांडणाऱ्या पहिल्या बायकांत आपल्याकडच्या दोघी होत्या. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून सॉमरव्हिलला गेलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. बॅरिस्टर व्हायला त्यांना तीस वर्षं थांबावं लागलं. दुसऱ्या मिठन टाटा. हिंदी स्त्रियांना मताधिकार हवा हे सांगायला आई हेराबाईंबरोबर त्या १९१९मध्ये लंडनला गेल्या, तिथंच शिकायला राहिल्या आणि १९२३मध्ये बॅरिस्टर होऊन आल्या. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ज्या कायद्यानं मिठनबाईंना बॅरिस्टर होता आलं, तोच हातात धरून लेडी ऱ्होंदा उमरावांच्या दाराशी गेल्या.

खालच्या सभागृहात तोवर एक व्हायकाउंटेस बसलीही होती. १९१९मध्ये वॉल्डॉर्फ ॲस्टर यांचे वडील वारले, वॉल्डॉर्फ व्हायकाउंट होऊन आपोआप वरच्या सभागृहात गेले आणि त्यांची प्लिमथची जागा रिकामी झाली. तिथून त्यांच्या पत्नी नॅन्सी उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि डिसेंबरात हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. तेव्हा १९२२मध्ये चित्र असं होतं: नवऱ्यामुळे व्हायकाउंटेस झालेली बाई मतदारांच्या जोरावर कॉमन्समध्ये होती, आणि स्वतःच्या हक्कानं व्हायकाउंटेस असलेली बाई लॉर्ड्सच्या बाहेर. लिहायला दोघींचा किताब एकच.

लेडी ऱ्होंदांच्या अर्जाला सरकारी वकिलांनी विरोधाचा सूर लावला नाही. सार्वजनिक काम करायला स्त्री अपात्र नाही असं कायदा म्हणतो. पार्लमेंटमध्ये बसणं हे सार्वजनिक कामच. मग अडचण कुठली? समितीलाही हे पटलं. पण समितीचा अहवाल मंजुरीसाठी पूर्ण सभागृहापुढे आला तेव्हा लॉर्ड चॅन्सेलर बर्कनहेड उठले आणि तो फेरविचारासाठी परत पाठवा, असा ठराव त्यांनी मांडला. ठराव मंजूर झाला. समितीत सभासद वाढवण्यात आले, सुनावणी पुन्हा झाली आणि मेमध्ये मोठ्या बहुमतानं दावा फेटाळला गेला.

बर्कनहेड म्हणजे एफ. ई. स्मिथ. बुद्धी तल्लख आणि जीभ त्याहून. स्त्रियांच्या मताधिकाराचे ते जुने विरोधक. पण 'बायका नकोत' एवढंच म्हणून थांबणारे ते वकील नव्हते. त्यांच्या युक्तिवादातली कलाकुसर पाहण्यासारखी आहे. अपात्रता दूर करायला आधी हक्क असावा लागतो, असं त्यांनी मांडलं. एखाद्याला हक्क आहे आणि तो बाई असल्यामुळे वापरता येत नाही, तर कायदा आडकाठी काढून टाकेल. पण स्वतःच्या नावावर सरदारकी असलेल्या बाईला सभेत बसण्याचा हक्क कधी नव्हताच. राजानं दिलेल्या सनदेनं तिला मान मिळाला, सभेतली जागा मिळाली नाही. जे मुळात दिलंच नाही, त्याच्या आड येणारी आडकाठी कशी काढणार? शिवाय इतका मोठा बदल पार्लमेंटला करायचा असता तर त्यानं तो एका मोघम वाक्यात दडवला नसता, उघड लिहिला असता. १९१९मध्ये बायकांना लॉर्ड्समध्ये घेण्याची सूचना आली होती आणि ती गळाली होती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

लॉर्ड हॉल्डेन यांनी याविरुद्ध मत दिलं. कायद्याचे शब्द साधे आणि सरळ आहेत, ते जसे आहेत तसे वाचा, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या बाजूला मोजकेच लोक राहिले. ज्या सभागृहात हा वाद झाला, तिथलं सिंहासन त्याआधीच्या शतकात ६३ वर्षं व्हिक्टोरिया राणीचं होतं. एका बाईनं दिलेल्या सनदांवर वरच्या सभागृहातले कितीतरी लोक बसले होते, आणि तेच दुसऱ्या बाईची सनद अपुरी ठरवत होते.

नॅन्सींचे पती लॉर्ड ॲस्टर यांनी मग हा विषय स्वतःच्या अंगावर घेतला. स्वतःच्या हक्कानं सरदार असलेल्या बायकांना सभेत घ्यावं, असं विधेयक ते पुन्हा पुन्हा आणत राहिले. १९२५मध्ये ते अवघ्या दोन मतांनी पडलं. एवढ्या जवळ ते पुन्हा कधी गेलं नाही. तोवर बर्कनहेड भारतमंत्री झाले होते. १९२७मध्ये त्यांनी सायमन कमिशन नेमलं. सातही सभासद इंग्रज. पुढच्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या धक्क्यावर उतरलं तेव्हा काळ्या झेंड्यांनी त्याचं स्वागत झालं. ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांनाच खोलीबाहेर ठेवून ठरवायचं, ही पद्धत बर्कनहेड यांनी १९२२मध्ये घरातच वापरून पाहिली होती.

१९२५नं आणखी एक बाई या दाराशी आणून उभी केली. त्या वर्षी मार्चमध्ये लॉर्ड कर्झन वारले. बंगालची फाळणी करणारे कर्झन स्त्रियांना मताधिकार देण्याच्याही विरोधात होते; त्यासाठी निघालेल्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. १९११मध्ये त्यांना एकाहून अधिक किताब मिळाले, तेव्हा त्यातली रेव्हन्सडेलची बॅरनी मुलीकडे जाईल अशी तजवीज त्यांनी सनदेत करून घेतली होती. बायकांनी मत देऊ नये असं जाहीर सभांतून सांगणाऱ्या माणसानं आपला किताब मात्र मुलीच्या पदरात टाकला. थोरली आयरीन बॅरनेस रेव्हन्सडेल झाली आणि लेडी ऱ्होंदांप्रमाणेच बाहेर राहिली.

लेडी ऱ्होंदांनी तोवर दुसरी खुर्ची मिळवली होती, संपादकाची. १९२० सालीच त्यांनी 'टाइम अँड टाइड' हे साप्ताहिक काढलं होतं. आपली बरीचशी संपत्ती त्यांनी त्यात ओतली. व्हर्जिनिया वुल्फ, बर्नार्ड शॉ, जॉर्ज ऑर्वेल त्यात लिहीत. १९२६मध्ये त्या कंपनी-संचालकांच्या देशव्यापी संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. धंद्यातले पुरुष त्यांना खुर्ची द्यायला तयार होते. उमरावांची सभा नव्हती.

दुसरं महायुद्ध झालं, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, १९४९मध्ये लॉर्ड्सनीच बायकांना घ्यायला हरकत नाही असा ठराव केला. कायदा मात्र झाला नाही. शेवटी दार उघडलं ते दुसऱ्याच कारणानं. सभागृह म्हातारं होत चाललं होतं, बाकं ओस पडत होती. मॅकमिलन यांच्या सरकारनं हयातीपुरती सरदारकी काढली. तिला वारसा नाही, त्या माणसाबरोबर ती संपते. आणि ती पुरुषालाही देता येईल, बाईलाही.

विधेयकावर १९५७मध्ये चर्चा झाली तेव्हा २८ वर्षांचे अर्ल फेरर्स उठले. राजकारणातल्या बायका आपल्याला अजिबात रुचत नाहीत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. पार्लमेंटमध्ये आधीच आलेल्या बायकांच्या रूपावरही शेरा मारला. भाषण गाजलं. बावीस वर्षांनी मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांच्या सरकारात हेच फेरर्स मंत्री म्हणून काम करत होते.

१९५८च्या एप्रिलमध्ये कायदा झाला. २४ जुलैला पहिली यादी निघाली: १४ नावं, त्यात चार बायका. पहिल्या बार्बरा वुटन, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक. दुसऱ्या कॅथरीन इलियट, हुजूर पक्षाच्या कार्यकर्त्या. तिसऱ्या कर्झनकन्या आयरीन. ३३ वर्षं स्वतःच्या बॅरनीवर जिला आत येता आलं नाही, तिला आत यायला दुसरी बॅरनी घ्यावी लागली. वडिलांच्या सनदेनं जे झालं नाही ते हयातीपुरत्या सनदेनं झालं.

चौथ्या बाईंची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. स्टेला आयझॅक्स १९२०च्या दशकात दिल्लीला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नीच्या सचिव म्हणून आल्या. याच रीडिंग यांच्या कारकिर्दीत १९२२च्या मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याला धाडण्यात आलं होतं. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १९३१मध्ये, रीडिंग यांनी स्टेलाशी लग्न केलं. रीडिंग मार्क्विस होते, म्हणून त्या मार्शनेस झाल्या; म्हणजे वरून दुसरी पायरी. रीडिंग गेल्यावर त्यांनी स्वतःचं काम उभं केलं. १९३८मध्ये स्त्री-स्वयंसेवकांची जी संघटना त्यांनी काढली, तिनं बॉम्बवर्षावाच्या काळात लाखो माणसांच्या निवाऱ्याची आणि जेवणाची सोय पाहिली. पण मार्शनेस हा मान नवऱ्याचा. त्यावर सभेत बसता येत नव्हतं. म्हणून त्या बॅरनेस स्वॉनबरो झाल्या. दर्जानं त्या तीन पायऱ्या खाली आल्या आणि तेवढ्यानंच त्यांना आत जाता आलं. २१ ऑक्टोबर १९५८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सर्वांआधी आसन घेणारी बाई हीच.

नोव्हेंबरात कॅथरीन इलियट बोलायला उभ्या राहिल्या. उद्घाटनाला येणाऱ्या राणीचं भाषण सोडलं तर या सभागृहात ९०० वर्षांत बाईचा आवाज प्रथमच उमटतो आहे, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या.

लेडी ऱ्होंदांना यातलं काही पाहायला मिळालं नाही. पहिली यादी निघायच्या चार दिवस आधी, २० जुलै १९५८ रोजी त्या वारल्या. त्यांना मूल नव्हतं, किताबही त्यांच्याबरोबर संपला. जगल्या असत्या तरी नव्या कायद्यानं त्यांचा दावा मान्य झाला नसता. वारशानं सरदार असलेल्या बायका १९५८ नंतरही बाहेरच होत्या. आत आल्या त्या नव्यानं नेमलेल्या.

वारसदार बायकांना आत आणलं एका पुरुषाच्या भांडणानं. टोनी बेन हे मजूर पक्षाचे खासदार. त्यांचे वडील वेजवुड बेन मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी भारतमंत्री होते आणि पुढे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. १९६०मध्ये ते वारले, किताब आपोआप मुलावर आला आणि टोनी बेन यांची कॉमन्समधली जागा गेली. त्यांना व्हायकाउंट व्हायचंच नव्हतं. तीन वर्षं त्यांनी झगडा केला. अखेर ३१ जुलै १९६३ रोजी किताब नाकारण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि सरदारकीचा विषय निघालाच आहे म्हणून त्यात वारसदार बायकांचं कलमही बसलं: स्वतःच्या हक्कानं सरदार असलेल्या बाईला पुरुषाप्रमाणेच बोलावणं जाईल, सनदेत काहीही लिहिलेलं असो. बर्कनहेड यांनी उभा केलेला सगळा डोलारा या अर्ध्या वाक्यानं पाडला. त्याच नोव्हेंबरात पहिली वारसदार बॅरनेस सभेत येऊन बसली. ऱ्होंदांच्या अर्जाला तेव्हा ४१ वर्षं झाली होती.

या कलमाचा फायदा झालेल्यांत शेवटच्या व्हाइसरॉयची मुलगीही होती. माउंटबॅटन यांना दोन मुली. १९४७मध्ये त्यांना अर्ल केलं तेव्हा किताब मुलीकडे जाईल अशी तरतूद होती. ऑगस्ट १९७९मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्यांच्या बोटीत बॉम्बस्फोट झाला. त्यात माउंटबॅटन, थोरल्या पॅट्रिशियाचा चौदा वर्षांचा मुलगा आणि तिच्या सासूबाई मारल्या गेल्या. पॅट्रिशिया आणि तिचे पती गंभीर जखमी झाले. त्या दिवसापासून ती काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा. पुढे ती लॉर्ड्समध्ये बसली. तिचे पती जॉन हे लॉर्ड ब्रेबोर्न, मुंबईच्या गव्हर्नरचे चिरंजीव. चर्चगेटचं ब्रेबोर्न स्टेडियम त्यांच्या वडिलांच्या नावाचं. नवरा बॅरन स्वतःच्या हक्कानं, बायको काउंटेस स्वतःच्या हक्कानं, आणि दोघांनाही एकाच सभागृहाचं बोलावणं. १९२२मध्ये हे चित्र बर्कनहेड यांना कल्पनेतही मानवलं नसतं.

२००६मध्ये लॉर्ड्सनी आपला सभापती प्रथमच निवडला. हेलीन हेमन या बाई निवडून आल्या आणि लॉर्ड चॅन्सेलर म्हणून बर्कनहेड ज्या लोकरीच्या आसनावर बसत, तिथं बसल्या. २०२४मध्ये न्यूपोर्टला लेडी ऱ्होंदांचा पुतळा उभा राहिला. टपालपेटी जाळायला निघालेल्या बाईचा गौरव त्याच गावानं केला.

एवढं झालं म्हणून वाद मिटला असं कोणी समजू नये. १९९९मध्ये वंशपरंपरागत सरदारांपैकी ९२ जणांनाच सभेत राहू दिलं, तेव्हा त्यांत पाच बायका होत्या. शेवटच्या, काउंटेस ऑफ मार, २०२०मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर त्या बाकांवर एकही बाई उरली नाही, कारण किताबच मुलांकडे जातात. २०१३मध्ये राजगादीचा नियम बदलला. थोरली मुलगी असली तर धाकट्या भावाआधी तिचा हक्क. त्याच वर्षी लॉर्ड लुकस यांनी किताबांनाही हाच नियम लावणारं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. आज राजाच्या घरी पहिली मुलगी झाली तर ती राणी होऊ शकते. अर्लच्या घरी झाली तर बहुतेक किताबांत तिचा धाकटा भाऊ अर्ल होतो, आणि भाऊ नसला तर लांबचा कुणी चुलतभाऊ.

बर्कनहेड यांच्या युक्तिवादातली एक गोष्ट मात्र खरी निघाली. भेद खुर्चीत नव्हता, सनदेत होता. खुर्चीचा प्रश्न इंग्लंडनं ४१ वर्षांत सोडवला. सनदेतलं वारसाचं कलम बदलणं त्याहून सोपं आहे, पण २०१३मध्ये त्यासाठी ज्यांची संमती लागत होती त्यांच्यातल्या कितीतरी जणांना किताब मिळाला होता तो त्याच कलमाच्या जोरावर.